विद्यापीठाचे वेळापत्रक आणि समाजाचे पंचांग

नव्या शैक्षणिक वर्षाची चाहूल लागली की प्रत्येक विद्यापीठातून संलग्न महाविद्यालयांकडे परिपत्रकांचा ओघ सुरू होतो. वर्षभरात कोणते दिवस साजरे करायचे, कोणती शिबिरे भरवायची, कोणत्या व्याख्यानमाला आयोजित करायच्या, याची एक भरगच्च कार्यक्रमपत्रिका तयार होते. २१ जूनला योग दिन, १ जुलैपासून वनमहोत्सव, २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन, ३ ऑक्टोबरला अभिजात मराठी भाषा दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. याशिवाय युवक महोत्सव, 'इंद्रधनुष्य', 'आविष्कार', 'आव्हान' यांसारखे आंतरविद्यापीठीय उपक्रम, क्रीडास्पर्धा, रक्तदान शिबिरे आणि दत्तक गावातील सात दिवसांचे निवासी शिबिर. ही यादी पाहिली की आपली विद्यापीठे समाजापासून तुटलेली आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. उलट, शिकवायला वेळ कधी मिळतो, असाच प्रश्न पडावा.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतोच. ही पत्रिका कोणाच्या सोयीने आखली जाते? विद्यार्थी ज्या गावात जातात, ज्या वस्तीत काम करतात, ज्या रुग्णांसाठी रक्त देतात, त्यांच्या गरजेचा काळ आणि विद्यापीठाच्या कार्यक्रमांचा काळ यांचा मेळ असतो का? समाजाचे स्वतःचे एक पंचांग असते. ते पाऊसपाण्यावर, पेरणी-कापणीवर, सण-यात्रांवर आणि रोजगारासाठी होणाऱ्या स्थलांतरावर चालते. विद्यापीठाचे वेळापत्रक मात्र प्रवेश, परीक्षा आणि सुट्ट्या यांच्यावर चालते. ही दोन्ही जेथे जुळतात तेथे सेवेला फळ येते. जेथे जुळत नाहीत तेथे केवळ छायाचित्रे उरतात.

हे केवळ तात्त्विक विधान नव्हे. काही साधी उदाहरणे पाहू.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील सर्वात लोकप्रिय काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर आडवी भिंत रचायची आणि वाहून जाणारे पाणी अडवायचे, इतके हे सोपे आणि जवळपास बिनखर्चाचे तंत्र आहे. परंतु त्याची एक अट आहे. ओढा वाहता असेल, तेव्हाच बंधारा घालावा लागतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तो घातला तर रब्बीला एखादे पाणी मिळते, विहिरींना थोडा आधार मिळतो, गुराढोरांची सोय होते. आता महाविद्यालयांची शिबिरे कधी होतात, ते पाहा. सत्र परीक्षा संपल्यानंतर, बहुधा डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत. अवर्षणप्रवण भागातील अनेक ओढे तोवर कोरडे पडलेले असतात. पन्नास तरुण-तरुणी तीन दिवस घाम गाळून नेटका बंधारा उभा करतात. त्यांच्या श्रमांत काहीही खोट नसते. पण अडवायला पाणीच नसते. पुढच्या पावसाळ्यातील पहिल्या पुरात त्या गोण्या वाहून जातात. गावकरी सौजन्याने काही बोलत नाहीत, इतकेच.

वृक्षारोपणाचेही तसेच. रोप लावण्याचा मुहूर्त पावसाळ्याचा, तो विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी उत्तम जुळतो. जुलैत महाविद्यालये गजबजलेली असतात, हात भरपूर असतात, रोपेही मिळतात. परंतु झाडाचे मरण-जगणे जुलैत ठरत नाही. ते पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत, एप्रिल-मेमध्ये ठरते. त्या काळात विद्यार्थी परीक्षेत किंवा सुट्टीवर असतात. पाणी घालायला कोणी नसते. म्हणूनच त्याच टेकडीवर, त्याच खड्ड्यांत दरवर्षी नव्याने रोपे लावण्याचे समारंभ आपण पाहत आलो आहोत.

रक्तदानाच्या बाबतीत तर हा विसंवाद जिवावर बेतणारा आहे. रक्त साठवण्याला निसर्गाने मर्यादा घातली आहे. संकलित रक्त पिशवीच्या प्रकारानुसार साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकते आणि त्यातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स तर अवघ्या पाच दिवसांत निरुपयोगी होतात. एकदा रक्त दिल्यानंतर पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. म्हणजेच, एकाच दिवशी हजार पिशव्या गोळा करण्यापेक्षा दर आठवड्याला पंचवीस पिशव्या मिळणे रुग्णाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे असते. परंतु आपली शिबिरे जयंत्या, राष्ट्रीय सण आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्याभोवती एकवटतात. महाविद्यालये दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद झाली की रक्तपेढ्यांचे फळे रिकामे होऊ लागतात. थॅलेसेमियाग्रस्त बालकाला मात्र सुट्टी नसते. त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्याच्या आईवडिलांनी मे महिन्यात कोणाकडे पाहायचे?

चौथे उदाहरण ऊसतोड कामगारांचे आहे. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतील कितीतरी वाड्या-तांड्यांवरील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडासह साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. अशा गावात जानेवारीत शिबिर भरवून बालशिक्षणाची फेरी काढली, तर दारात केवळ म्हातारीकोतारी भेटणार. ज्या मुलांसाठी फेरी काढली ती मुले शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात असणार. याउलट, कारखान्याजवळच्या महाविद्यालयाने त्याच जानेवारीत आपल्या परिसरातील कोप्यांवर जायचे ठरवले, तर तीच मुले, त्याच हातांना, हमखास सापडतील. काम तेच, विद्यार्थी तसेच. केवळ स्थळ आणि काळ यांचा विचार केल्यामुळे व्यर्थ ठरणारे श्रम सार्थकी लागतात.

यात दोष कोणाचा? विद्यार्थ्यांचा मुळीच नाही. गावात सात दिवस राहून पहाटे प्रार्थना, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र आणि रात्री गावकऱ्यांसमोर सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम पाळणारी मुले पाहिली की आजच्या तरुणाईविषयीचे अनेक गैरसमज गळून पडतात. दोष कार्यक्रम अधिकाऱ्यांचाही नाही. शंभर स्वयंसेवकांच्या एककाची जबाबदारी सांभाळणारा हा प्राध्यापक आपले अध्यापन, उत्तरपत्रिका तपासणी, मूल्यांकन समितीची कागदपत्रे हे सर्व करून उरलेल्या वेळात हा भार वाहतो. सत्र पद्धती आल्यापासून वर्षातून दोनदा परीक्षांचा घाट असतो. मोकळे दिवस शोधूनही सापडत नाहीत. खरा दोष आहे तो उपक्रमांचे मोजमाप करण्याच्या पद्धतीत. किती कार्यक्रम झाले, किती विद्यार्थी उपस्थित होते, छायाचित्रे जोडली आहेत काय, हे विचारले जाते. बंधाऱ्यात पाणी किती दिवस टिकले, लावलेल्या शंभर रोपांपैकी तिसऱ्या वर्षी किती जगली, हे मात्र कोणी विचारत नाही. जे विचारले जाते तेच केले जाते, हा कोणत्याही यंत्रणेचा स्वभाव असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अशा उपक्रमांना आता श्रेयांक मिळू लागले आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. समाजात जाऊन शिकणे हेही शिक्षणच, ही मान्यता त्यातून मिळाली आहे. परंतु तिच्यासोबत एक धोकाही येतो. सेवा श्रेयांकासाठी होऊ लागली की तासांचा हिशेब पक्का होतो आणि सेवेचा हेतू विरळ होतो. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हा ज्या योजनेचा आशय, तिच्यात प्रमाणपत्राचा विचार आधी आणि गावाचा नंतर, असे होता कामा नये.

या संदर्भात पुणे विद्यापीठाचे उदाहरण विशेष बोलके आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालेल्या आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्यासारखा पहिला कुलगुरू लाभलेल्या या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. नामविस्तार हा केवळ फलक बदलण्याचा विषय नसतो. त्या नावामागील आचरण स्वीकारण्याचा तो संकल्प असतो. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी श्रमिक आणि शेतकऱ्यांसाठी शाळा काढली, ती रात्रशाळा होती. का? कारण त्या विद्यार्थ्यांचा दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. शाळेने आपली वेळ विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याशी जुळवून घेतली. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांच्या सेवेत उतरल्या आणि ती सेवा करतानाच त्याच साथीची बाधा होऊन १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. गरज जेव्हा निर्माण झाली तेव्हा त्या धावल्या. सोयीच्या वेळेची वाट पाहिली नाही. ज्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर हे नाव आहे, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत या वृत्तीचा अंश दिसावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आणि तो दिसतोही. पंढरीची वारी कोणत्याही परीक्षा मंडळाला विचारून निघत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या प्रस्थान ठेवतात, त्या तिथी शतकानुशतके ठरलेल्या आहेत. लाखो वारकरी चालून गेल्यावर मागे राहणाऱ्या पत्रावळी, कचरा आणि आरोग्याचे प्रश्न यांसाठी पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक पालखीमार्गावर स्वच्छतेचे काम करीत आले आहेत. विद्यार्थ्यांनी वारीला आपल्या तारखा दिल्या नाहीत, वारीच्या तारखा आपल्या मानल्या. म्हणूनच तेथे त्यांचे श्रम उपयोगी पडतात आणि वारकऱ्यांचा आशीर्वादही मिळतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यानंतर कोल्हापूर-सांगली परिसरात घराघरांतील चिखल उपसण्यासाठी जे तरुण हात पुढे आले, त्यांनीही कोणत्या 'दिना'ची वाट पाहिली नव्हती.

आपल्या परंपरेत विद्यापीठ आणि गाव यांचे नाते एकतर्फी नव्हते. नालंदा महाविहाराचा योगक्षेम राजांनी लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर चालत असे, याची नोंद तेथे राहिलेल्या चिनी यात्रेकरूंनी करून ठेवली आहे. गावे धान्य, दूध, तूप पुरवीत म्हणून तेथील विद्वानांना निश्चिंतपणे शास्त्रचिंतन करता येई. आजची विद्यापीठेही समाजाच्याच पैशावर उभी आहेत. रयत शिक्षण संस्थेची १९१९ साली स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ऋण नेमके ओळखले होते. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेत श्रम हा शिक्षणाला जोडलेला समारंभ नव्हता, तो शिक्षणाचाच भाग होता. विद्यार्थी गावात पाहुणा म्हणून गेला नाही. तो गावाचाच राहिला. तेव्हा समाजासाठी आखलेला उपक्रम म्हणजे विद्यापीठाने समाजावर केलेला उपकार नव्हे. ती ऋणफेड आहे, आणि ऋणकोने आपल्या सवडीने नव्हे तर मुदतीत ऋण फेडायचे असते.

यावर असे म्हटले जाईल की ओढ्याच्या पाण्यासाठी परीक्षा पुढे ढकलता येणार नाहीत. मान्य आहे. पण तशी गरजही नाही. १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या रचनेतच याचे उत्तर आहे. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास, नियमित काम करायचे असते. हे तास निवासी शिबिराच्या पलीकडचे आहेत आणि ते कोणत्याही एका सप्ताहाला बांधलेले नाहीत. ऑक्टोबरमधील दोन रविवार बंधाऱ्याला द्यावेत, उन्हाळ्यातील पाळ्या झाडांना द्याव्यात आणि हिवाळी शिबिरात हिवाळ्याला साजेशी कामे घ्यावीत. शोषखड्डे, विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, आरोग्य तपासणी, वृद्धांच्या कागदपत्रांची पूर्तता ही कामे जानेवारीतही तितकीच उपयोगी असतात. नियम बदलण्याची आवश्यकता नाही, फक्त नियोजनाचा क्रम बदलायला हवा. आधी गावाला विचारायचे आणि मग तारीख ठरवायची.

विचारायचे कोठे? त्यासाठीही नवी यंत्रणा नको. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा भरविण्याची महाराष्ट्रात प्रथा आहे. कार्यक्रम अधिकाऱ्याने दोन-चार विद्यार्थ्यांसह दत्तक गावाच्या १ मेच्या ग्रामसभेत जाऊन बसावे. गावाला काय हवे आणि केव्हा हवे, हे ऐकावे. तेथे कदाचित बंधाऱ्याऐवजी पाणंद रस्त्याची गोष्ट निघेल, व्याख्यानाऐवजी सातबाराच्या उताऱ्यातील चूक दुरुस्त करण्यासाठी मदत मागितली जाईल. जूनमध्ये विद्यापीठाची पत्रिका छापली जाण्यापूर्वी महाविद्यालयाची पत्रिका गावात तयार झालेली असेल. तेच गाव किमान तीन वर्षे कायम ठेवावे आणि प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती एक नोंदवही सोपवावी. तीत काय केले याबरोबरच काय टिकले, हेही लिहिलेले असावे. विद्यापीठांनीही अहवालाच्या नमुन्यात एवढा एकच रकाना वाढवला, तर यंत्रणेचे लक्ष आपोआप योग्य जागी वळेल.

व्याख्यानांच्या बाबतही हेच म्हणता येईल. बहिःशाल शिक्षणाची कल्पना मुळात ज्यांना विद्यापीठात येता आले नाही त्यांच्यापर्यंत ज्ञान नेण्याची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सकाळी अकराला, कामाच्या दिवशी, हजेरीसाठी बसवलेल्या प्रथम वर्षाच्या मुलांसमोर हे व्याख्यान होते. ज्या नागरिकांसाठी ते असते, ते तेव्हा कचेरीत, दुकानात किंवा शेतात असतात. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही टिकून आहे, याचे एक कारण ती श्रोत्यांच्या सवडीला, उन्हाळ्यातील सायंकाळी भरते, हेही आहे. महाविद्यालयाचे सभागृह संध्याकाळी साडेसहाला उघडले, तर त्याच वक्त्याला खरा श्रोता मिळेल.

या सर्वांत आपली भूमिका काय? सामाजिक कामात असलेल्या कार्यकर्त्यांना अशा शिबिरांत बौद्धिक सत्रासाठी बोलावणे येते. आपण जातो, तासभर बोलतो, श्रीफळ-शाल स्वीकारून परततो. त्याऐवजी महाविद्यालय आणि गाव यांच्यातील दुवा होणे अधिक मोलाचे आहे. कोणत्या वाडीत कधी पाणी असते, कोणता तांडा कधी ओस पडतो, हे कार्यकर्त्याला ठाऊक असते. प्राध्यापकाला ते ठाऊक असेलच असे नाही. ही माहिती वेळेवर पोहोचविणे आणि विद्यार्थी परतल्यानंतर झाडांच्या, बंधाऱ्याच्या देखभालीसाठी गावातील तरुणांना उभे करणे, हे काम आपले आहे. त्याला व्यासपीठ नसते, म्हणूनच ते कोणी तरी करायला हवे.

पालकांनाही दोन शब्द. शिबिराला जाऊ का, असे मुलीने किंवा मुलाने विचारले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत पहिला प्रतिप्रश्न येतो, त्याचे गुण मिळतात का? सात दिवस शाळेच्या वर्गखोलीत सतरंजीवर झोपणे, पन्नास जणांचा स्वयंपाक करणे, अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसून त्याची अडचण ऐकून घेणे, हे कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. आणि मे महिन्यात एखाद्या रक्तपेढीतून दूरध्वनी आला, तर सुट्टीवर आलेल्या मुलासोबत आईवडिलांनीही रक्तपेढीत जाण्यास काय हरकत आहे? महाविद्यालय बंद असले तरी घर बंद नसते.

विद्यापीठांच्या कार्यक्रमपत्रिका यंदाही येतील, दिनही साजरे होतील. ते व्हायला हवेत. स्मरणातून प्रेरणा मिळते. परंतु प्रत्येक महाविद्यालयाने त्या पत्रिकेतील केवळ एक उपक्रम निवडून तो गावाच्या पंचांगाप्रमाणे करून पाहावा. एक बंधारा वाहत्या पाण्यावर घालावा, वीस झाडे तीन उन्हाळे जगवावीत, मे महिन्यासाठी शंभर रक्तदात्यांची यादी जानेवारीतच रक्तपेढीच्या हाती द्यावी. पुढच्या वर्षी दत्तक गावातूनच 'यंदा कधी येताय?' अशी विचारणा झाली, तर विद्यापीठाच्या कोणत्याही मानांकनापेक्षा ती मोठी पावती ठरेल.